आधी घरं मोजा, मग वाफे पेरा



दारावर भाजी येणं ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. डोक्यावर पाटी घेऊन माळीण यायची, किनाऱ्याकडे कोळीण यायची. उंबऱ्याशी पाटी उतरायची, घरातली बाई ताट घेऊन बाहेर यायची, दोघींचं सुखदुःख बोलून व्हायचं आणि मग भाव ठरायचा. आता शहरात मोबाईलवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत भाजी दारात येते. पण ती कुठल्या गावची, कोणी पिकवली, कधी तोडली, हे घेणारीला कळत नाही आणि आणून देणाऱ्या मुलालाही ठाऊक नसतं.

आपल्या गटांच्या बैठकीत हल्ली हा विषय निघतो. आपणच आपल्या शिवारातली, त्या त्या ऋतूतली भाजी आणि फळं आठवड्याला टोपली भरून तालुक्याच्या गावी घरपोच दिली तर? कल्पना चांगली आहे. २०२०च्या टाळेबंदीत बाजार बंद पडले, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी शेतकऱ्यांच्या आणि महिलांच्या गटांनी सोसायट्यांच्या दारात भाजी नेऊन दिली. तेव्हा गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. बाजार पुन्हा सुरू झाले तशी खरी परीक्षा सुरू झाली. म्हणून आज आपण हे काम कसं चालतं, कुठे अडतं आणि त्यात बाईच्या हातात पैसा खरोखर राहतो का, हे नीट बघू.

रुपयातले किती पैसे आपले?

रिझर्व्ह बँकेने २०२४ साली टोमॅटो, कांदा आणि बटाटा यांच्या भावांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक भाजीला एक रुपया देतं, तेव्हा त्यातले शेतकऱ्यापर्यंत किती पोचतात, हे त्यात काढलं आहे. टोमॅटोत साधारण ३३ पैसे, कांद्यात ३६ पैसे आणि बटाट्यात ३७ पैसे. बाकीचे वाटेत जातात. हमाली, तोलाई, वाहतूक, अडत, घाऊक व्यापारी, किरकोळ विक्रेता, शिवाय वाटेत नासणारा माल. यातलं सगळंच काही लुबाडणं नाही. माल उचलणं, नेणं, निवडणं, विकायला दिवसभर बसणं ही कामं कोणाला तरी करावीच लागतात.

हे आधी समजून घ्यायचं कारण असं, की घरपोच भाजी सुरू केली की वाटेतली ही सगळी कामं आपल्या अंगावर येतात. मधला माणूस गेला म्हणून त्याचे पैसे आपोआप आपले होत नाहीत. त्याचं काम आपण केलं, ते काटकसरीने केलं आणि त्याची मजुरी स्वतःला लावून घेतली, तरच ते पैसे आपले.

टोपली म्हणजे काय

घरपोच भाजीच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत गिऱ्हाईक सांगेल ते आपण द्यायचं. पाव किलो भेंडी, एक फ्लॉवर, दोन लिंबं. दुसरीत आपल्या शिवारात त्या आठवड्याला जे आहे त्याची ठरलेल्या किमतीची टोपली द्यायची. छोट्या गटाने दुसरी तऱ्हा धरावी. पहिलीत चाळीस घरांच्या चाळीस याद्या होतात, प्रत्येक पिशवी वेगळी भरावी लागते आणि दर खेपेला दोन किलो गवार उरते नाहीतर दोन किलो भेंडी कमी पडते. टोपलीत सगळ्यांना साधारण सारखं जातं, म्हणून किती तोडायचं हे आदल्या दिवशी ठाऊक असतं. जेवढं लागेल तेवढंच तोडायचं. नासाडी तिथेच वाचते.

ही पद्धत जगात जुनी आहे. जपानमध्ये १९७०च्या दशकात शहरातल्या गृहिणींनी एकत्र येऊन थेट शेतकऱ्यांशी करार केले. तुम्ही आमच्यासाठी पिकवा, आम्ही वर्षभर घेऊ, पीक कमी आलं तरी पाठ फिरवणार नाही. या रिवाजाला तिकडे ‘तेइकेई’ म्हणतात. पुढे युरोप-अमेरिकेतही अशा टोपल्या सुरू झाल्या. या सगळ्यातली गोम एकच आहे. घेणारी घरं आधी ठरतात आणि पेरणी नंतर होते.

टोपलीत काय असावं? चार माणसांच्या घराला आठवडाभरातले तीन-चार दिवस पुरेल एवढं. दोन पालेभाज्यांच्या जुड्या, तीन फळभाज्या अर्धा-अर्धा किलो, अर्धा किलो टोमॅटो, अर्धा किलो कांदे, कोथिंबीर-मिरची-लिंबू-कढीपत्त्याचा वाटा आणि त्या ऋतूतलं एखादं फळ. एक सवलत ठेवा. टोपलीतली न आवडणारी एक भाजी बदलून मिळेल, एकच. ज्या घरात कोणी कारलं खात नाही, त्या घराला दर आठवड्याला कारलं दिलं तर तिसऱ्या आठवड्याला ते घर गळतं.

चाळीस घरांचा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. हे आकडे समजण्यापुरते धरले आहेत. तुमच्या गावचे भाव घालून हाच हिशेब पुन्हा करा.

एका टोपलीची किंमत २५० रुपये धरू. चाळीस घरं म्हणजे आठवड्याला १०,००० रुपये जमा.

खर्च असा. भाजी पिकवणाऱ्या बायकांना टोपलीमागे १४० रुपये, म्हणजे ५,६०० रुपये. छोट्या टेम्पोचं भाडं ९०० रुपये. माल निवडून पिशव्या भरणाऱ्या तिघींची अर्ध्या दिवसाची मजुरी १५० प्रमाणे ४५० रुपये. घरोघर नेऊन देणाऱ्या दोघींची दिवसाची मजुरी ३५० प्रमाणे ७०० रुपये. पिशव्या, सुतळी, फोनचा खर्च २५० रुपये. खराब निघालेला माल बदलून देण्यासाठी बाजूला ५०० रुपये. एकूण ८,४०० रुपये. गटाकडे उरले १,६०० रुपये.

आता घरं वीसच धरू. जमा ५,००० रुपये. भाजीचे २,८०० रुपये. टेम्पो मात्र ९०० रुपयेच घेणार, कारण त्याला वीस घरं काय आणि चाळीस काय, तालुक्यापर्यंतचा रस्ता तेवढाच. नेऊन देणाऱ्या दोघींचाही दिवस जातोच, त्यांचे ७०० रुपये. भरायला दोघी पुरतील, त्यांचे ३०० रुपये. पिशव्यांचे १२५ रुपये, बदलीच्या मालाचे २५० रुपये. एकूण ५,०७५ रुपये. म्हणजे ७५ रुपये तोटा.

इथेच पुष्कळ गट फसतात. वीस घरांवर काम सुरू होतं आणि हिशेब लिहिताना भरणाऱ्या नि नेणाऱ्या बायकांची मजुरी लिहायची राहून जाते. “आपल्याच तर बाया आहेत, त्यांना काय द्यायचं?” मग वहीत ९२५ रुपये नफा दिसतो आणि सगळ्या खूश होतात. पण तो नफा नव्हे मैत्रिणींनो, ती चौघींची बुडालेली मजुरी आहे. त्याच दिवशी त्या खुरपणीला गेल्या असत्या तर रोज घेऊन आल्या असत्या. दोन-तीन महिन्यांत त्यांच्या घरचे विचारायला लागतात, “रोज सोडून तिकडे काय मिळतं?” त्या येईनाशा होतात आणि काम बंद पडतं. लोक म्हणतात, बायकांना धंदा जमला नाही. खरं तर धंदा त्यांच्या फुकटच्या कष्टावर चालला होता, एवढंच.

तेव्हा पहिला नियम हा. वहीत मजुरीचा रकाना आखल्याशिवाय पहिली टोपली भरू नका. आणि दुसरा, आपल्या हिशेबात किती घरांना तोंडमिळवणी होते ते काढा. वरच्या आकड्यांत ती २१ घरांना होते. तेवढी घरं कबूल होईपर्यंत टेम्पो ठरवू नका. तोवर एसटीने, सासरच्या-माहेरच्या ओळखीच्या आठ-दहा घरी नेऊन सवय करा.

चाळीस घरांचा हिशेब पुन्हा एकदा बघा. पिकवणाऱ्यांचे ५,६००, मजुरीचे १,१५० आणि गटाकडे उरलेले १,६०० मिळून ८,३५० रुपये. गिऱ्हाइकाच्या दहा हजारांतले एवढे गावातल्या बायकांच्या हातात राहिले. सुरुवातीला सांगितलेल्या ३३ पैशांशी ते ताडून बघा.

मागून पुढे पेरणी

आपण नेहमी आधी पेरतो आणि मग गिऱ्हाईक शोधतो. इथे उलटं करायचं. चाळीस घरांना दर आठवड्याला मेथीची एकेक जुडी द्यायची, तर चाळीस जुड्या लागतात. तुमच्या मातीत एका वाफ्यातून किती जुड्या निघतात ते एकदा मोजा. पंधरा निघत असतील तर दर आठवड्याला तीन वाफे हवेत. मेथी काढायला येते साधारण महिन्याने. म्हणून आज तीन वाफे पेरायचे, पुढच्या आठवड्याला तीन, त्याच्या पुढच्या आठवड्याला तीन. चौथ्या आठवड्यानंतर शिवारात कधीही गेलात तरी चार वयांच्या मेथीचे बारा वाफे उभे दिसतील आणि दर आठवड्याला तीन काढायला येतील. पालकाचं साधारण असंच. कोथिंबिरीला त्याहून थोडे जास्त दिवस लागतात. भेंडी दीड महिन्याने सुरू होते, पण मग एक दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर जून होते. म्हणून तिची जादा तोडणी कुठे जाणार, गावच्या आठवडे बाजारात की शाळेच्या पोषण आहाराला, हे आधीच ठरवून ठेवा.

आता भांडणाची जागा. कोणाची भाजी घ्यायची? दहाही जणींनी मेथी केली तर कोणाची तरी राहणारच. हे बोलून सुटत नाही, कागदावर लिहून सुटतं. हंगामाच्या सुरुवातीला बैठकीत वाटणी करा. मेथी दोघींकडे, पालक-चुका दोघींकडे, भेंडी-गवार तिघींकडे, वेलभाज्या जिच्याकडे मांडव आहे तिच्याकडे. ज्यांच्याकडे शेतच नाही, त्यांच्याकडे भरण्याचं, पोचवण्याचं आणि हिशेबाचं काम द्या. परसबागेतला कढीपत्ता, अळू, लिंबू, शेवगा यांचाही वाटा असतो हे विसरू नका. भूमिहीन मैत्रिणीच्या दारातल्या शेवग्याच्या दोन झाडांना हंगामात चांगले पैसे मिळू शकतात.

भाव तीन महिन्यांचा ठरवा. २०२३च्या जुलैत टोमॅटो किरकोळ बाजारात शंभर रुपये किलोच्या वर गेला होता आणि थोड्याच आठवड्यांत तो इतका कोसळला की तोडणीही परवडेना. बाजार चढला की पिकवणारीला वाटतं, गटाला कशाला देऊ? बाजार पडला की तिला वाटतं, सगळा माल गटानेच घ्यावा. दोन्ही वेळी शब्द पाळायचा, असं आधी ठरलं पाहिजे. चढ्या बाजारात थोडं सोडायचं आणि पडत्या बाजारात ठरलेला भाव मिळवायचा. गिऱ्हाइकाचंही तेच. भाव वाढला तरी त्याची टोपली २५०चीच राहते, म्हणून पडत्या बाजारात त्यानेही कुरकुर करायची नाही. हे त्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगा.

ऋतू हीच आपली ओळख

दहा मिनिटांत भाजी देणाऱ्यांशी आपली शर्यत नाही. त्यांच्याकडे बारा महिने फ्लॉवर आणि बारा महिने वाटाणा असतो. आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे सहसा नसतं. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, अळू, अंबाडी, दोडका, पडवळ, घोसाळी. दिवाळीच्या आसपास सीताफळ. थंडीत हरभऱ्याचा कोवळा पाला, पावटा, घेवडा, भरताची वांगी, गाजर, मुळा, बोरं, पेरू. उन्हाळ्यात शेवगा, कैरी, करवंदं, जांभळं, फणस, कलिंगड, नवा कांदा-लसूण.

आपले सण तर भाजीचं कॅलेंडरच आहेत. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून परसातल्या भाज्यांची ऋषीची भाजी होते. अळू, माठ, भेंडी, पडवळ, सुरण, मक्याचं कणीस, लाल भोपळा. भोगीला बाजरीच्या भाकरीबरोबर हरभरा, पावटा, गाजर, वांगी, बोरं, ऊस असं सगळं लागतं. आषाढी एकादशीला आणि नवरात्रात रताळी. चातुर्मासात कितीतरी घरांत कांदा-लसूण-वांगं चालत नाही, तिथे त्याऐवजी काकडी आणि दुधी द्या. शहरातल्या सुनेला भोगीच्या भाजीसाठी चार दुकानं फिरावी लागतात. तिला सगळं निवडून एका पिशवीत मिळालं तर ती पुढची टोपली मागितल्याशिवाय राहणार नाही.

जुन्या वाणांनाही यातूनच गिऱ्हाईक मिळतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घेवडा, वाल, भाज्या आणि भाताचे गावरान वाण जपले, त्यांच्या बियांची बँक उभी केली आणि २०२० सालच्या पद्मश्री सन्मानात त्यांचं नाव आलं. पण बी जपायचं तर ती भाजी खाणारं घरही हवं. तुमच्या आजीच्या वेळचा वाल टोपलीतून गेला, कोणाला तो आवडला आणि पुन्हा मागणी आली, तर पुढच्या वर्षी तो पेरला जाईल.

रानभाज्यांबाबत मात्र एक पथ्य पाळा. जिला भाजी पक्की ओळखता येते तिनेच ती खुडायची. ओळखीबद्दल शंका आली तर ती टोपलीत घालायची नाही. मुळासकट उपटायची नाही, काही झाडं बियांसाठी सोडायची. आणि पिशवीत चिठ्ठी घालायची, कशी निवडायची, कशी शिजवायची. शेवळं किंवा अळू आंबटाशिवाय केलं तर घसा खाजतो, हे आपल्याला ठाऊक आहे, शहरातल्या पोरीला ठाऊक नसेल.

उन्हाळ्यात विहिरी आटतात आणि टोपली हलकी होते. तेव्हा बाजार समितीतून माल आणून ती भरू नका. टोपली लहान करा, किंमत कमी करा, तीत कांदा, लसूण, चिंच, कडधान्य घाला. आणि अगदीच बाहेरून आणावं लागलं तर चिठ्ठीवर तसं लिहा. आपल्याकडे विकायला भाजी आहेच, पण गिऱ्हाईक येतं ते भरवशापायी.

तोडणीपासून दारापर्यंत

भाजी तोडली की तिच्यात शेतातलं ऊन असतं. ते लवकर उतरलं तर ती टिकते. म्हणून फळभाज्या आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर तोडा आणि पालेभाज्या त्या दिवशी पहाटे काढा. तोडलेला माल लगेच सावलीत न्या. पालेभाजी धुऊन ओलीच पिशवीत कोंबली की दुपारपर्यंत चिकट होते. माती झटका, पिवळी पानं काढा, पाणी निथळू द्या आणि ओलसर सुती फडक्यात गुंडाळा. गोणीत दाबून भरण्यापेक्षा प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये सैल भरा. कांदा-भोपळा खाली, टोमॅटो मधे, पालेभाजी सगळ्यात वर.

पिकलेली केळी, आंबा, टोमॅटो यांतून एक वायू निघतो. त्याच्या शेजारी ठेवलेली पालेभाजी आणि काकडी लवकर पिवळी पडते. रात्रभर त्या एकत्र ठेवू नका. आंबा पेंढ्याच्या अढीतच पिकवा. कॅल्शियम कार्बाइडची पूड वापरून फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे आणि ती पूड हाताळणाऱ्या बाईच्याही जिवाला अपाय करते.

कोरड्या हवेच्या भागात विजेशिवाय चालणारी थंड पेटी बांधता येते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ती सुचवलेली आहे. विटांच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये तीन इंचांची जागा, त्या जागेत नदीची वाळू, वर वाळ्याचं किंवा गवताचं झाकण आणि छाया. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. माठातलं पाणी जसं गार होतं, तशीच आतली भाजी गार राहते. कोकणासारख्या दमट हवेत मात्र तिचा फारसा उपयोग होत नाही.

दिवस ठरवून घ्या. समजा टोपली शनिवारी द्यायची. बुधवारी पिकवणाऱ्या सांगतील काय किती निघणार. त्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांना यादी जाईल. गुरुवारी रात्री आठला बदल घेणं बंद. शुक्रवारी संध्याकाळी तोडणी, शनिवारी पहाटे भरणं, सकाळी नऊच्या आत पहिलं घर. घरांची यादी रस्त्याच्या क्रमाने लिहा, म्हणजे टेम्पो मागे-पुढे फिरणार नाही. एकाच सोसायटीतली सहा-सात घरं मिळाली तर सोन्याहून पिवळं. कापडी पिशव्यांचे दोन संच ठेवा. भरलेली द्यायची, रिकामी परत घ्यायची. पोचवायला नेहमी दोघींनी मिळून जायचं आणि पाळी फिरती ठेवायची, म्हणजे ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यावरच ओझं पडत नाही आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं धाडस सगळ्यांनाच येतं.

तक्रार आली तर वाद घालू नका. किडकं वांगं निघालं, पुढच्या आठवड्याला बदलून द्या. त्यासाठीच तर पैसे बाजूला ठेवले आहेत. पण एकाच बाईच्या मालाची तक्रार तीनदा आली तर बैठकीत तिच्याशी शांतपणे बोला.

कागदपत्रं आणि शब्दाची किंमत

२०१६ साली राज्याने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्यामुळे आपला माल समितीच्या आवारातच नेऊन विकला पाहिजे असं बंधन उरलेलं नाही. ताज्या, प्रक्रिया न केलेल्या भाजी-फळांवर जीएसटीही नाही. गट म्हणून नेमाने खाद्यपदार्थ विकायचे, तर अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्यावी. लोणची, सांडगे, वाळवणं टोपलीत घालणार असाल तर ती लागेलच. वजनकाट्याची वैधमापन विभागाकडून वर्षाला पडताळणी करून शिक्का घ्या. हे सगळं कसं करायचं ते उमेदच्या किंवा माविमच्या तुमच्या भागातल्या ताईंना विचारा.

‘सेंद्रिय’ हा शब्द सहज वापरू नका. ज्या शेतात फवारणी होते तिथे होते असं सांगा. काय फवारलं आणि कधी, हे पिकवणारीने वहीत लिहावं. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, ते औषधाच्या डब्यावर किंवा सोबतच्या पत्रकावर दिलेलं असतं. ते दिवस भरल्याशिवाय माल गटाकडे आणायचा नाही. ही अट मोडली तर त्या आठवड्याचा माल परत, मग ती अध्यक्षांची जाऊ का असेना.

पैसा कोणाच्या खात्यात?

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गिऱ्हाईक क्यूआर कोडने पैसे देणार. तो कोड कोणाच्या खात्याचा? ज्याच्याकडे मोठा फोन आहे त्या घरातल्या दादाचा नको. गटाच्या बँक खात्याचाच हवा. चार टोपल्यांचे पैसे आगाऊ घेता आले तर बी-बियाण्याला उधार काढावं लागत नाही. आणि सोमवारी, न चुकता, प्रत्येक पिकवणारीच्या आणि मजुरी करणारीच्या स्वतःच्या खात्यात तिचे पैसे जमा झाले पाहिजेत.

आपल्यापैकी कितीजणींच्या नावावर सातबारा आहे? फार थोड्या. भाजी आपण खुरपतो, तोडतो, निवडतो आणि बाजाराची पट्टी मात्र घरातल्या पुरुषाच्या नावाने येते. टोपलीच्या हिशेबात वाफा कोणी केला, माल कोणी भरला, हे तिच्या नावाने लिहिलं जातं. जमीन कोणाच्याही नावावर असो, तिच्या कष्टाची नोंद तिच्या नावावर होते. उद्या कर्जासाठी बँकेत गेली तर त्या नोंदीचा उपयोग होतो. मुलीच्या फीसाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. घरपोच भाजीतून आपल्याला मिळवायचं ते हे.

तेव्हा पुढच्या बैठकीत तीन प्रश्न घ्या. आपल्या ओळखीची, दर आठवड्याला टोपली घेतील अशी किती घरं आहेत, त्यांची नावं लिहा. येत्या तीन महिन्यांत कोणाकडे काय निघणार आहे, ते लिहा. आणि भरणाऱ्या नि पोचवणाऱ्या बाईचा रोज किती, तो आकडा सगळ्यांसमोर ठरवा. तिन्ही कागद तयार झाले की मग बियाणं आणायला जा.